मोठी मोटर सुरू करताना जनरेटरचं व्होल्टेज पडतं, मोठा जनरेटर घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका, आधी स्टार्टर बदला. तुम्ही लिहिलंय की खाणीवर विजेची लाइन नाही, १२५ केव्हीएच्या जनरेटरवर क्रशरची ६० एचपीची मोटर डायरेक्ट सुरू करता, तेव्हा दिवे मंदावतात, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) खडखडून सुटतो आणि डीलर २५० केव्हीए घ्या म्हणतोय.

मोटर सुरू करताना पॅनेलवरचे हर्ट्झ आणि व्होल्ट, दोन्हींवर नजर ठेवा. हर्ट्झ जेमतेम हलले आणि व्होल्ट धाडकन पडले, तर इंजिन कमी पडत नाहीये, अल्टरनेटर (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) कमी पडतोय. सुरुवातीचा करंट बहुतांशी रिअॅक्टिव्ह असतो, म्हणजे मोटरचं चुंबकी क्षेत्र उभं करण्यात जातो, त्याचा भार इंजिनवर फारसा येत नाही.

ही मोटर चालताना साधारण ८० अँपिअर घेते. डायरेक्ट सुरू केली की सहापट, म्हणजे जवळजवळ ३४५ केव्हीए. अल्टरनेटरचा ट्रान्झियंट रिअॅक्टन्स (अचानक वाढलेल्या करंटला होणारा आतला अडथळा) २० टक्के धरला तर ४१५ व्होल्टचे २७० च्या आसपास उरतात. एवढ्यावर कॉन्टॅक्टर तग धरत नाही आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने मोटरही वेग घेत नाही. नवा एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारा भाग) बसवून हा पहिला झटका टळत नाही, एव्हीआर सावरायला येतो तो त्यानंतर.

म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर लावा; तो मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू करतो आणि टायमरने ठरवलेल्या वेळेनंतर पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टा जोडणीत नेतो. स्टारमध्ये करंट एक तृतीयांश होतो आणि घसरण १५ टक्क्यांच्या आसपास राहते. टॉर्कही तितकाच कमी होतो, म्हणून क्रशर रिकामाच सुरू करायचा, जबड्यात एकही दगड नको.

माझ्या अनुभवात खरी गोम टायमरमध्ये असते. क्रशरच्या जड फ्लायव्हीलला वेग घ्यायला वेळ लागतो आणि टायमर पाण्याच्या पंपासारखा चार-पाच सेकंदांवर ठेवलेला असतो. मोटर अर्ध्या वेगात असताना डेल्टा लागला की जवळपास डायरेक्टइतकाच झटका बसतो आणि दोष स्टार-डेल्टाला जातो. अँमीटरचा काटा खाली येऊन स्थिरावेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा आणि टायमर तेवढा ठेवा. सर्वांत मोठी मोटर आधी सुरू करा, दगड वाहणाऱ्या पट्ट्यांच्या मोटरी नंतर.

रिकामा क्रशरही स्टारमध्ये उचलत नसेल तर स्लिपरिंग मोटर (रोटरला बाहेरून रेझिस्टन्स जोडता येणारी) किंवा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) बघा. दोन्हींत कमी करंटमध्ये चांगला टॉर्क मिळतो. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा स्टार्टर) मी इथे सुचवणार नाही, तो करंटबरोबर टॉर्कही कापतो.

तरीही जनरेटर घ्यायची वेळ आलीच, तर २० टक्के घसरणीत तो किती स्टार्टिंग केव्हीए देतो, हा आकडा डीलरकडून लेखी घ्या.