बारीक एचडीएमआय केबल : कुठे चालते, कुठे नडते

प्रश्न : टीव्ही भिंतीला चिकटून बसवलाय, मागे जेमतेम चार सेंटिमीटर जागा आहे. जाड एचडीएमआय केबल वळत नाही, प्लग निसटतो. दुकानात चार्जरच्या वायरइतकी बारीक केबल दाखवतात. तिच्यावर फोर-के नीट दिसेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दीड-दोन मीटरपर्यंत खुशाल घ्या. त्यापुढे तांब्याचा हिशेब आडवा येतो. नेहमीच्या केबलमधल्या तारा २८ ते ३० गेजच्या असतात, बारीक केबलमधल्या ३४ ते ३६ च्या. गेजचा आकडा चढतो तशी तार बारीक होते, इथेच पुष्कळांची फसगत होते. २८ गेजची तार ०.३२ मिलिमीटर, ३६ ची जेमतेम ०.१३. तार जितकी बारीक, तितका सिग्नल वाटेत क्षीण होतो आणि वेग वाढला की आणखीच. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के चित्राला सुमारे १८ गिगाबिटचा वेग लागतो, फुल एचडीला त्याच्या पाव. म्हणून जी केबल सेट-टॉप बॉक्सवर वर्षानुवर्षे चालते, तीच गेमिंग कन्सोलवर दगा देते.

केबल कमी पडली की चित्र फिके होत नाही. पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो. अशा वेळी सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचे ३० करून पाहा. त्रास थांबला तर संशय केबलवर घ्या, टीव्ही उघडायला लावू नका. सोन्याच्या मुलाम्याने चित्र उजळते, हे दुकानदाराचे बोलणे सोडून द्या.

खोक्यावरच्या ‘फोर-के’ला काही अर्थ नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ गिगाबिट) किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ गिगाबिट) हे लेबल शोधा आणि ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. एकाच मॉडेलची एक मीटरची केबल पास झाली म्हणून तीन मीटरचीही होईल असे नाही, लांबीगणिक चाचणी वेगळी असते.

आता तुमचे चार सेंटिमीटर. केबल बारीक पण प्लगचे बूड लांब असेल तर अडचण तिथेच राहते, म्हणून प्लग आणि त्यामागचे वळण मिळून किती जागा घेतात ते मोजा. काटकोनी प्लग घेणार असाल तर आधी टीव्हीच्या पोर्टची रुंद कड कोणत्या बाजूला आहे ते बघा. काटकोनी प्लग दोन उलट दिशांचे मिळतात, चुकीचा घेतला तर केबल शेजारच्या पोर्टवर आडवी येते.

प्रश्न : छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत १२ मीटर केबल न्यायची आहे. भिंतीत २० मिलिमीटरचा पाइप आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : या अंतराला बारीक तांब्याची केबल नकोच, ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, म्हणजे काच-तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल. ती बारीक आणि लवचीक असते, मात्र एकाच दिशेने चालते. ‘सोर्स’ टोक प्लेअरकडे आणि ‘डिस्प्ले’ टोक प्रोजेक्टरकडे हवे. उलटी ओढली तर चित्रच येणार नाही आणि पुन्हा ओढावी लागेल, म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर जोडून बघाच. नेहमीचा प्लग सुमारे २० मिलिमीटर रुंद असतो, तुमच्या पाइपात तो जाणार नाही. टोकाला छोटा प्लग आणि वर बसवायचे वेगळे डोके असलेला प्रकार मागा. ओढताना दोरी प्लगला न बांधता आवरणाला गुंडाळून टेप लावा. आतला काच-तंतू घडी सहन करत नाही, तेव्हा कोपऱ्यावर हिसका देऊ नका.