ग्राहकांना सर्व्हेचा मेल पाठवला तर कोणी भरतच नाही, मेल कसा लिहावा?

भाऊ, तुम्ही लिहिलं की गावातून तूरडाळ विकता, गिऱ्हाईक सगळं पुण्या-मुंबईचं, सहाशे जणांना सर्व्हेचा मेल टाकला आणि भरला सात जणांनी. सात म्हणजे काही वाईट नाही हो, आमचे पहिल्या वेळी चार आले होते आणि त्यातला एक माझा मेव्हणा.

मी समुद्रपूर तालुक्यातला, जिल्हा वर्धा. आमची शेतकऱ्यांची लहानशी कंपनी आहे, वायगाव हळद दळून पॅक करून पाठवतो, पार्सल, फोन, मेल सगळं माझ्याच गळ्यात. मार्केटिंगचा कोर्स-बिर्स केला नाही, ठेचा लागून जे समजलं ते सांगतो.

पहिला मेल मी नेटवरून उचलला होता. विषय होता 'आमच्या सर्व मान्यवर ग्राहकांसाठी वार्षिक समाधान सर्वेक्षण'. मोबाईलवर विषयाची सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणजे 'आमच्या सर्व मान्यवर ग्राहकांसाठी' एवढं दिसलं आणि पुढं टिंब टिंब. आत 'आपला बहुमूल्य अभिप्राय' वगैरे. सांगा बरं, हे वाचून कोणाला वाटेल का की हळदवाला विचारून राहिला म्हणून? बँकेचा मेल समजून लोकं पुढं गेले. त्यावर कहर म्हणजे नावं. आपल्याकडं कोणी नाव लिहितो म्हटलं तर आडनाव आधी लिहिते, शीटमधल्या पहिल्या कॉलमात सगळी आडनावंच, तर मेल गेले 'प्रिय वानखडे', 'प्रिय ठाकरे', मास्तरानं हजेरी घेतल्यासारखे. एका बाईंचा रिप्लाय आला की मी काय शाळेत आहे का. तेव्हापासून पाठवायच्या आधी नावांचा कॉलम डोळ्यांनी पाहतो, आणि ज्याचं नाव नीट नाही त्याला नुसतं नमस्कार.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं लग्नात चूलबंद आवतन देतात ना, घरात चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी या. सर्व्हेचं आवतन तसं नका देऊ. तुमच्या सहाशेमध्ये दोन वर्षांपूर्वी एकदाच किलोभर डाळ नेलेले पण असतील, त्यांना काय आठवणार? ज्यानं आत्ता माल नेला त्यालाच विचारा आणि त्याच्या त्याच पार्सलबद्दल विचारा. पॅकिंग-डिलिव्हरीचं विचारायचं तर माल पोचल्यावर एक-दोन दिवसात, आणि चवीचं, डाळ शिजते कशी ते विचारायचं तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, डबा तर उघडू द्या त्यांना.

मी आता असा पाठवतो, पूर्णच टाकतो इथं.

विषय: 3 तारखेला पोचलेली हळद कशी निघाली?

नमस्कार ताई,
मी समुद्रपूरहून, तुमची हळद पॅक करणारा. मागच्या महिन्यात दोघा-तिघांच्या पिशव्या रस्त्यात चिरल्या, म्हणून ज्यांना ज्यांना माल गेला त्यांना विचारून राहिलो. तुमची पिशवी नीट पोचली का?
नीट पोचली
फाटली होती
यातल्या एकावर बोट लावा, पुढं अजून 3 प्रश्न आहेत, दोन मिनिटांचं काम आहे, लॉगिन लागत नाही. 15 तारखेला नवीन पिशव्यांची ऑर्डर द्यायची आहे, त्याच्या आधी सांगितलं तर उपयोग होईल. फॉर्मचा कंटाळा असेल तर याच मेलला रिप्लाय करा, मीच वाचतो.

बस एवढंच. लोगो नाही, पिवळं-हिरवं बॅनर नाही. पाहा, यात काहून विचारतो ते आलं, किती वेळ लागते ते आलं आणि सांगून काय होणार ते पण आलं. तारीख खोटी टाकू नका, आमची ऑर्डर खरंच 15 ला असते. दोन मिनिटं म्हणून आत बावीस प्रश्न ठेवायचे तर नकाच पाठवू, एकदा फसलेलं माणूस दुसऱ्यांदा उघडत नाही. त्या दोन ओळी म्हणजे दोन वेगळ्या लिंका आहेत, गूगल फॉर्ममध्ये उत्तर आधीच भरलेली लिंक बनवता येते, मेनूत प्री-फिल म्हणून सापडते. फक्त तिथं बोट लावल्यानं उत्तर आपल्याकडं येत नाही, फॉर्म उघडते आणि शेवटी सबमिट दाबावंच लागते, पण पहिला घास तोंडात गेला की माणूस ताट पूर्ण करते.

तशाच लिंकेत ऑर्डर नंबर पण भरून ठेवता येतो, पण मग 'तुमचं नाव गुप्त राहील' असं लिहू नका, कारण राहत नाही. मी फॉर्ममध्ये सरळ लिहितो की ऑर्डर नंबर टाकलेला आहे, पिशवी फाटली असेल तर बदलून देता यावी म्हणून.

आणि लॉगिन! हे तर मी तीन महिने पकडू शकलो नाही. 'एका माणसाला एकच उत्तर' ही सेटिंग चालू ठेवली होती, कोणी दोनदा भरेल म्हणून. ती चालू असली की गूगल अकाउंटनं साइन इन केल्याशिवाय फॉर्म भरताच येत नाही. फोटो मागवायचा प्रश्न ठेवला तरी तेच. बेज्जा लोकं ऑफिसच्या मेलवरून उघडायचे, साइन इन मागितलं की बंद करायचे, आणि मी इथं बसून म्हणत होतो की शहरातले लोकं आळशी. एखादा दोनदा भरेल तर भरू द्या ना बावा, डाळीचा सर्व्हे आहे, विधानसभा नाही.

आठवण एकदाच, पाच-सहा दिवसांनी, आणि ज्यांनी भरला त्यांना वगळून. भरलेल्याला परत 'आपण अजून भरला नाही' गेलं की तो चिडतोच. कूपनचं म्हणाल तर आम्ही देत नाही, एकदा पन्नास रुपये सूट ठेवली तर सगळ्यांनी सगळं मस्त मस्त लिहिलं, कामाचं एक अक्षर नाही.

शून्य ते दहा मार्कांचा जो प्रश्न सगळे विचारतात, ओळखीत सांगाल का म्हणून, 2003 मध्ये फ्रेड रायकेल्ड या अमेरिकेतल्या सल्लागारानं मांडलेला, तो ठेवायचा तर एक ध्यानात घ्या. त्यात 9 आणि 10 म्हणजेच खुश, 7-8 मधले, 6 पासून खाली नाराज. आपला माणूस खुश असला तरी 8 देते, दहापैकी दहा तर आमच्या मास्तरांनी कधी कोणाला दिलेच नाहीत. मी तो प्रश्न काढून टाकला, त्याच्या जागी 'एक गोष्ट बदलायची तर कोणती' ठेवला. त्यातूनच कळलं की पिशवीला चेन पाहिजे, हळद डब्यात काढताना सांडते.

पाठवायचं कसं, तर सगळे पत्ते 'टू' मध्ये टाकून नाही, सगळ्यांचे ईमेल सगळ्यांना दिसतात आणि मग एक जण रिप्लाय ऑल करते. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला 500 ची मर्यादा आहे, तुमचे सहाशे तिथंच अडकले असतील, पाहून घ्या. स्वतःचं डोमेन असेल तर ज्याच्याकडून घेतलं त्याला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे दाखवणाऱ्या सेटिंगा) लावून मागा, 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेलनं हे कडक केलं, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊ शकते. किती जणांनी उघडला हा आकडा पाहत बसू नका, आयफोनमध्ये 2021 पासून ॲपलचं मेल ॲप माणसानं न उघडताच उघडल्यासारखं दाखवू शकते.

गावातल्या गिऱ्हाइकाला मेल पाठवू नका, त्याला फोन करा, तो पिशवीचं पण सांगते आणि पावसाचं पण.

आणि पाठवायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहा, आपल्या नाही. मी मोठं हिरवं बटण बनवलं होतं, बायकोच्या फोनवर डार्क मोड होता, त्यात बटणावरची अक्षरंच गायब. ती म्हणे, इथं नुसता हिरवा ठोकळा दिसते, दाबू का? तेव्हापासून साधी निळी लिंक.