आधी वजन की आधी मन?

प्रश्न : मी ठाण्यात राहते, वय 42, नोकरी वाशीला. उंची 155 सेंमी., वजन 79 किलो. कडक डाएट करून दोनदा वजन उतरवले, पण दोन्ही वेळा ते पूर्वीपेक्षा जास्त वाढले. डाएटच्या काळात चिडचिड होते, उगाच रडू येते आणि रात्री सगळे झोपल्यावर फरसाणाचा डबा कधी संपतो ते कळत नाही. घरचे म्हणतात, ‘तुझा जिभेवर ताबा नाही.’ मी आधी वजनाकडे पाहू की मनाकडे?

उत्तर : घरच्यांचे ते वाक्य आपण मनातून काढून टाकावे, कारण ते अन्यायाचे आहेच, शिवाय शास्त्रालाही धरून नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले गेले, तेव्हा ती धडधाकट माणसेही चिडचिडी आणि उदास झाली व दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. ते तरुण स्थूल नव्हते, त्यामुळे त्यांचे सगळे अनुभव आपल्याला लागू होतील असे नाही. परंतु वजन झपाट्याने उतरल्यावर भूक शमवणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) घटते, भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकून असतो, हे स्थूल व्यक्तींमध्येच दिसून आले आहे. रात्री आपला हात डब्याकडे जातो त्यामागे दिवसभराची ही उपासमार असते.

आधी काय, याचे उत्तर : दोन्ही एकदम. 2010 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे आढळले की स्थूलतेमुळे पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे 55 टक्क्यांनी वाढते आणि नैराश्यामुळे स्थूलता येण्याची सुमारे 58 टक्क्यांनी. नीट आखलेल्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील आहारोपचारात मात्र उदासीनता साधारणपणे कमीच होते.

म्हणून पहिले उद्दिष्ट लहान ठेवावे. चार ते आठ किलो, म्हणजे आपल्या वजनाच्या 5 ते 10 टक्के, सावकाश उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. सकाळी ट्रान्स-हार्बर लोकल गाठण्याच्या घाईत न्याहारी बुडत असेल, तर मुगाचे धिरडे किंवा उकडलेली अंडी डब्यात घ्यावीत. दुपारी भाकरीबरोबर वाटीभर उसळ असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संध्याकाळी घरी पोहोचण्याआधी चणे, ताक असे काहीतरी पोटात जावे, कारण रात्रीच्या खाण्याचा उगम बहुधा तिथेच असतो. भात बंद करण्याची गरज नाही, प्रमाण ठरवावे.

थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनोविकारावरील काही औषधांनी वजन वाढते, परंतु ती स्वतःहून बंद करू नयेत.

थांबता येत नाही अशा अवस्थेत भरमसाट खाणे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिन्यांपासून होत असेल, तर तो खाण्याशी संबंधित मानसिक विकार असू शकतो. अशा वेळी नवे डाएट सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाण्यात कमीपणा मुळीच नाही. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीतूनही बोलता येते. आणि आहारतज्ज्ञांकडे जाताना वजनाच्या आकड्याबरोबर झोप, मनःस्थिती आणि रात्रीचे खाणे यांची आठवड्याची नोंद न्यावी. ती पाहून आहार बदलण्याची त्यांची तयारी नसेल, तर दुसरे तज्ज्ञ शोधावेत.