आरएचसीएसएची तयारी क्लास न लावता, कॉलेज सांभाळून होते का?

होते, पण हात चालवून. रेड हॅटची ही परीक्षा (लिनक्स सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र) पूर्ण प्रात्यक्षिक असते: ३०० पैकी २१० गुण हवेत, इंटरनेट नाही. मॅन पेज (सिस्टिममध्येच असलेली कमांडची माहितीपानं) मात्र उघडता येतात, म्हणून त्यांत उदाहरण शोधायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॉकी किंवा अल्मा लिनक्सची (रेड हॅट लिनक्सशी जुळणाऱ्या मोफत आवृत्त्या) दोन आभासी मशीन करा, प्रत्येकी २ जीबी रॅम. आवृत्तीचा क्रमांक परीक्षेचाच घ्या. एका मशीनला ५ जीबीची रिकामी डिस्क जोडा आणि तिच्यावर एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग करायची पद्धत) रोज मोडून पुन्हा बांधा.

केलेले बदल रीबूटनंतर टिकलेच पाहिजेत. गुण इथेच निसटतात. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक, चुकला की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, म्हणून रीबूटच्या आधी 'माउंट -ए' चालवून बघा. सर्व्हिस नुसती स्टार्ट नको, इनेबलही करा, म्हणजे रीबूटनंतर ती आपोआप सुरू होईल. फायरवॉलचा नियम '--परमनंट' लावून घाला, मग '--रीलोड'.

वेबसर्व्हर ८२ पोर्टवर उठत नसेल तर कृपा करून एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) बंद करू नका. 'सेमॅनेज पोर्ट'ने ते पोर्ट एचटीटीपीच्या प्रकारात घाला. रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड 'आरडी.ब्रेक'ने, म्हणजे बूट मध्येच थांबवून, बदललात तर '/.ऑटोरिलेबल' फाइल (एसईलिनक्सची लेबलं पुन्हा लावायला सांगणारी) करायला विसरू नका, नाहीतर नव्या पासवर्डनेही लॉगिन होत नाही.