शंका-समाधान : डॉलरवरचे अपुरे चित्र

प्रश्न : एक डॉलरच्या नोटेवरचे, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ज्या चित्रावरून घेतले, ते म्हणे चित्रकाराने अर्धवट सोडले होते. असे का? आणि तोंड असे आवळलेले का दिसते?

उत्तर : अर्धवट सोडले हे खरे, पण आळसाने नव्हे. हा चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट (१७५५-१८२८) अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा. लंडनमध्ये चित्रकार बेंजामिन वेस्टकडे शिकला, नाव कमावले आणि कर्जही केले. १७८७ मध्ये सावकारांना चुकवून डब्लिनला गेला, तिथेही तेच झाले. १७९३ मध्ये मायदेशी परतला तो वॉशिंग्टनची चित्रे विकून देणी फेडायचा बेत करूनच. १७९६ चे हे चित्र वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांनी काढायला सांगितलेले. पुरे केले असते तर त्यांना द्यावे लागले असते. म्हणून डोके रंगवले, खांदे व बरीचशी पार्श्वभूमी कोरी ठेवली, आणि त्यावरून सुमारे ७५ नकला केल्या, बहुतेक शंभर-शंभर डॉलरला. मार्थांना मूळ चित्र कधीच मिळाले नाही. या नकलांना तो गमतीने आपल्या शंभराच्या नोटा म्हणे! सगळ्या सारख्या प्रतीच्या नाहीत. काही अगदी घाईच्या दिसतात.

मूळ चित्रात चेहऱ्याची डावी बाजू दिसते, नोटेवर ती उलटी झाली आहे. तोंड आवळलेले दिसते ते नव्या कवळीमुळे. लाकडाच्या दातांची गोष्ट मात्र खोटी. वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, माणसाचे दात आणि धातू असे.

प्रश्न : तैलरंगात चेहरा रंगवताना माझी त्वचा चामड्यासारखी, मेलेली दिसते. स्टुअर्ट काय करत असे?

उत्तर : तुम्ही छटा पॅलेटवर घोटून एकजीव करत असाल. तिथेच बिघडते. लाल, पिवळा, निळा घोटला की मातकट करडा उरतो. मॅथ्यू जुएट या शिष्याने १८१६ मध्ये स्टुअर्टचे बोलणे टिपून ठेवले आहे. त्याचा आशय असा : त्वचेत सगळेच रंग असतात, पण एकमेकांत विरघळलेले नाहीत, कातडीखालून रक्त दिसावे तसे एकातून दुसरा दिसला पाहिजे. म्हणून प्रत्येक छटा आपापल्या जागी ठेवायची आणि शेजारच्या छटेशी अगदी हलक्या हाताने जोडायची. पेन्सिलीचे रेखाटन तो करत नसे. थेट कुंचल्याने आधी डोक्याचे ढोबळ आकार, धुक्यातून दिसावेत तसे; डोळ्यांचे, ओठांचे बारकावे मागाहून. रंग पातळ लावा. जाड थरातून खालचे काही दिसत नाही, मग सगळी युक्तीच फुकट जाते.

पृष्ठभागही महत्त्वाचा. त्याला तिरप्या विणीचा इंग्रजी कॅनव्हास आवडे. १८०७ च्या अमेरिकी व्यापारबंदीनंतर तो मिळेना, तेव्हा लाकडी फळीवर तिरप्या खाचा पाडून त्याने तसाच पोत आणला.

प्रश्न : नकलांची नक्कल कोणी केली नाही का?

उत्तर : केली तर! फिलाडेल्फियाच्या एका जहाज-कप्तानाने स्टुअर्टकडून एक प्रत घेतली, चीनमधल्या कँटन बंदराला नेली आणि तिथल्या कारागिरांकडून काचेवर उलट बाजूने रंगवलेल्या १०० प्रती मागवल्या. १८०२ मध्ये स्टुअर्ट न्यायालयात गेला आणि त्याने विक्रीवर मनाई मिळवली. त्या जातीची काचचित्रे अमेरिकी संग्रहालयांत आजही आहेत.