अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान यांत गोंधळ होतो. पाव्लोव्ह, वॉटसन, थॉर्नडाइक, स्किनर यांना वेगवेगळं कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की अध्ययनाचा धडा वाचताना कुत्रा, मांजर, उंदीर सगळे डोक्यात एकत्र होतात आणि परीक्षेत एखादं उदाहरण आलं की ते अभिजात की साधक हे ठरत नाही. मी हा विषय शिकवते. अभिसंधान म्हणजे अनुभवाने दोन गोष्टींची सांगड बसून शिकणं. हा घोळ दरवर्षी होतो आणि व्याख्या पाठ करून तो सुटत नाही. प्रयोग डोळ्यांसमोर आणायचा आणि एवढंच विचारायचं: प्राण्याने काहीच केलं नसतं, तरी खाणं मिळालं असतं का?

पाव्लोव्हच्या कुत्र्याला मिळालं असतं. पाव्लोव्ह मुळात शरीरक्रियाशास्त्राचा माणूस. १९०४ चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं. छोटी शस्त्रक्रिया करून लाळेची नळी कुत्र्याच्या गालाबाहेर काढायची आणि लाळ मोजायची, हे त्याचं काम. पण कुत्र्यांना खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ सुटू लागली. दुसरा कोणी वैतागला असता, हा त्याच्याच मागे लागला. (सगळ्यांना घंटा तेवढी आठवते, त्याने मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवा असं बरंच काही वापरलं.) टिकटिक झाली की खाणं येणार, कुत्रा काहीही करो. तो फक्त 'यानंतर ते येतं' एवढं शिकतो. हे अभिजात.

थॉर्नडाइकच्या मांजराला मात्र फुकट काही नव्हतं. १८९८ च्या त्याच्या प्रयोगात मांजर पेटीत बंद, खाणं बाहेर. ओरबाडता-धडपडता कधीतरी दोरी ओढली जायची किंवा खटका दाबला जायचा आणि दार उघडायचं. पुढच्या खेपांना सुटायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती टिकते, हा त्याचा परिणामाचा नियम. स्किनरने तोच धागा पुढे नेला, पण त्याच्या पेटीतून उंदराला बाहेर पडायचंच नसतं. कळ दाबली की खाण्याची गोळी. पुन्हा दाबली, पुन्हा गोळी. त्यामुळे सुटायला किती वेळ लागला याऐवजी किती वेगाने कळ दाबली जाते, हे मोजता आलं. दोघंही साधक.

वॉटसन अभिजातच्या बाजूला टाका, कारण इथेही शिकलं जातं ते 'यानंतर ते येतं' एवढंच. १९२० साली त्याने आणि रोझली रेनरने अकरा महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवला आणि तो हात लावायला गेला की मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणला. काही वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी पोर रडायला लागलं, पुढे सशाला आणि फरच्या कोटालाही घाबरू लागलं. याला सामान्यीकरण म्हणतात. एकच मूल, तुलनेला दुसरं कोणी नाही आणि ती भीती घालवण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. माझ्या मते पाठ्यपुस्तकं या प्रयोगाला फार भाव देतात.

आता नकारात्मक प्रबलन, जिथे हमखास मार्क जातात. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम. मूल मोबाइलसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून मोबाइल देते, रडणं थांबतं. मुलाला रडण्याचं बक्षीस मिळालं, म्हणजे सकारात्मक प्रबलन. आणि आईला? कटकट थांबली, म्हणून पुढच्या वेळी तीही लवकर मोबाइल देणार. नकोशी गोष्ट गेली आणि वर्तन वाढलं, हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेत वर्तन कमी होतं, म्हणून आधी वाढलं की घटलं ते बघा. आई कधी देते, कधी देत नाही असं झालं, तर मुलाचं रडणं मोडायला आणखी जड जातं, कारण अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने लागलेली सवय जास्त चिवट असते.

थोड्या अवघड प्रश्नात दोन्ही प्रकार एकत्र येतात. कुत्रा चावला आणि कुत्र्यांची भीती बसली: अभिजात. मग कुत्रा दिसला की माणूस रस्ता ओलांडतो, हायसं वाटतं आणि टाळण्याची सवय घट्ट होते: साधक, तेही नकारात्मक प्रबलनाने. मौरर या मानसशास्त्रज्ञाने भीती का टिकते याचं हेच स्पष्टीकरण दिलं. टाळतच राहिलं तर न चावणारा कुत्रा कधी अनुभवालाच येत नाही, मग विलोपन, म्हणजे शिकलेली भीती विरणं, व्हायचं कसं? मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाच्या सशाच्या भीतीवर नेमका इथेच उपाय केला. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि तो घाबरणार नाही इतपतच दर वेळी पुढे सरकवायचा. शेवटी पीटर सशाला स्वतः हात लावू लागला.