‘सक्तीचं आहे’ म्हणाले तर

कॉलेजात एखाद्या रॅलीला किंवा कार्यक्रमाला यायलाच हवं असं सांगितलं, तर आधी भांडू नकोस. ‘सर, परिपत्रक मिळेल का?’ एवढंच विचार. बऱ्याचदा ही सक्ती फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवरच असते. माझ्या पहिल्या वर्षी ‘रॅलीला न आल्यास इंटर्नलचे मार्क कापू’ असा मेसेज आला होता. मी लेखी आदेश मागितला, तर संध्याकाळी मेसेजच गायब!

पण सगळंच नाकारता येत नाही, हेही ऐक. अभ्यासक्रमात ज्याला क्रेडिट आहे ते, प्रात्यक्षिकं, हजेरी, हे प्रवेश घेताना आपण मान्य केलेलं असतं. तिथे हक्काची भाषा केलीस तर तूच तोंडावर पडशील.

धार्मिक प्रार्थनेचं मात्र वेगळं. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत तुझ्या संमतीशिवाय उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. अल्पवयीन असशील तर पालकांची संमती लागते. 1986 च्या बिजो इमॅन्युएल खटल्यातली मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं.

तक्रार करायचीच तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे कर, तिथे न्याय मिळाला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सनकडे). अर्जाच्या दोन प्रती ने. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ‘उद्या ये, शिक्का मारून ठेवतो’ म्हणतील. थांब तिथेच.